पेडणेकर काकांची हवाबंद बाल्कनी

पेडणेकर काकांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, ते आधी जिभेने खालचा ओठ ओला करायचे, वस्तू ओठाजवळ धरायचे आणि डोळे मिटून गप्प व्हायचे. थर्मास असो, कुकरचं झाकण असो, माझ्या आहेरातली वाफेची इस्त्री असो. ओल्या ओठाला हवेची बारीकशी धारसुद्धा लागते म्हणे. मग एकदम डोळे उघडणार आणि खुनी सापडल्यासारखं सांगणार, "लीक असा!"

माझी इस्त्री लीक होती. लग्न होऊन कुवेतला, अब्बासियात आले त्याच्या पहिल्याच संध्याकाळी मला हे कळलं. सासरच्या माणसाला भेटवस्तू दाखवावी तशी मी कौतुकाने दाखवायला गेले आणि काकांनी ती तिथेच, स्वयंपाकघरात, उघडली. अमितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी खोलीत जाऊन विचारलं, "हे असेच आहेत का?" तो म्हणाला, "आज जरा कमी होते."

थांबा, नीट सांगते. दोन खोल्यांचा फ्लॅट होता. एका खोलीत पेडणेकर काका-काकू, एका खोलीत आम्ही. हॉल आणि स्वयंपाकघर दोघांचं. अब्बासियात सगळे असेच राहायचे, भाडं परवडायचं नाही ना! अमित कुवेत सिटीत एका ऑफिसात अकाउंट्स बघायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. त्यामुळे माझं कुवेत म्हणजे काकू, काकूंचे बॅचलर लोकांसाठीचे जेवणाचे डबे, आणि हॉलला लागून असलेली काकांची बाल्कनी.

बाल्कनी नुसती म्हणायला. ॲल्युमिनियम आणि काचा लावून ती कधीच बंद केलेली होती आणि तिथे काकांचं वर्कशॉप होतं. दिवसा ते एसीच्या कंपनीत डक्टिंगचे फोरमन. म्हणजे छतातून थंड हवा नेणारे ते पत्र्याचे मोठे बोगदे असतात ना, त्यांच्या सांध्यांतून हवा गळता कामा नये, हे बघायचं काम. हातात पेटती उदबत्ती घेऊन सांध्यासांध्याजवळ फिरायचे, धूर वाकडा झाला की तिथे लीक. आणि घरी आले की हार्मोनियम दुरुस्त करायचे! तिथेही तेच. कुवेतच्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं, भात्याचं चामडं सुटतं, पेटी दमेकऱ्यासारखी व्हायला लागते. मंडळाच्या भजनाची पेटी, मल्याळी लोकांच्या चर्चमधली पेटी, कुणा पंजाबी काकांची पेटी, सगळ्या आमच्या बाल्कनीत आजारी पडून असायच्या.

आणि गंमत म्हणजे काकांना पेटी वाजवता यायची नाही. एक गाणं येत नव्हतं. भाता मारायचे, एक 'सा' दाबायचे आणि तो कितीवेळ टिकतो ते ऐकत राहायचे. एकदा मी म्हटलं, "काका, निदान एखादी आरती तरी शिका." तर म्हणाले, "पोरी, डॉक्टर काय पेशंटाच्या जागी नाचता काय?"

काकू आतून ओरडल्या, "पेशंटाचा सोडा, ह्यांच्या वाजवण्याक भिऊन मिलिटरीन ह्यांका सोडल्यान!"

ती गोष्ट मला त्या घरात इतक्या वेळा ऐकायला मिळाली की आता मीच तिथे होते असं वाटतं. नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा काका बनेद अल-गारमध्ये चार बॅचलरांबरोबर राहायचे. काकू वेंगुर्ल्याला. बस भरभरून माणसं इराकमधून जॉर्डनकडे निघाली, त्यात काका, आणि मांडीवर एका गिऱ्हाइकाची पेटी. सगळे म्हणाले टाक ती! काका म्हणाले, लोकांची वस्तू आहे. एका नाक्यावर सैनिक बसमध्ये चढला, बंदुकीच्या नळीने पेटी ठोकली. आत काय? म्युझिक, काका म्हणाले. वाजव मग! अख्खी बस श्वास रोखून बसलेली. काकांनी पेटी उघडली आणि वाजवलं काय, तर सा रे ग म प ध नी सा. सरळ वर. आणि सा नी ध प म ग रे सा. सरळ खाली. परत वर. परत खाली. तिसऱ्या वेळेला त्या सैनिकाने कपाळावर हात मारला आणि खल्लास, खल्लास, बस झालं, जा बाबा, म्हणून उतरून गेला.

सगळे हसायचे. काकूसुद्धा सांगताना हसायच्या. पण एकदा भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "ह्यांका सोडल्यानी ता माका खय म्हायती होता गो? मी आपली रेडिओकडे. कुवेतचा नाव इला की उठान उभी रवायचंय. महिनोमहिने ह्यो माणूस जिवंत असा की नाय, कोण सांगणारा नाय." मग काका परत कुवेतला आले तेव्हा काकू पाठोपाठ आल्या आणि त्यानंतर एकदाही एकट्या गावी गेल्या नाहीत. भावाच्या लग्नालासुद्धा नाही. काकांना रजा नव्हती म्हणून.

हे लक्षात ठेवा, कारण सगळं ह्याच्यामुळेच झालं.

मी आले तो दोन हजार तीनचा हिवाळा भलताच गार होता. कुवेतमध्ये थंडी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं हो! मी सुती साड्या घेऊन गेलेले. वाळवंटातला वारा रात्रंदिवस काचांवर आपटायचा, बाल्कनीत तर फरशीवर पाय ठेववत नव्हता. काकूंना खोकला लागला. आणि काकांचा सरस जमेना. भात्याचं चामडं चिकटवायला ते जुन्या पद्धतीचा सरस वापरायचे, भांड्यात पाणी तापवून त्यात विरघळवायचा. तो गरम असताना लावला तर पक्का, पण गार लाकडावर टेकवला की दही लागल्यासारखा गोठायचा. एक भाता त्यांनी तीनदा चिकटवला, तीनदा सुटला. चर्चची पेटी होती ती.

"हीटर घेऊक होयो," काकांनी जेवताना जाहीर केलं.

झालं! त्या दिवसापासून घरात हीटरशिवाय विषय नाही. विजेचा हीटर नको, कारण काकूंची विजेची शेगडी आणि हीटर एकदम चालू केला की अख्ख्या मजल्याची लाईट जायची. रॉकेलचा नको, कारण चामड्याला वास लागतो आणि डब्यातल्या भातालाही. राहिला गॅसचा. खाली चाकं, पाठीमागे पोटात सिलेंडर ठेवायचा, पुढे लाल होणाऱ्या तीन जाळ्या. काका ऑफिसमधून परस्पर दुकानं बघत फिरायचे. शुक्रवारच्या जुन्या बाजारात जाऊन आले. रोज घरी येऊन सांगायचे आज कुठला नाकारला. ह्याचं बटण सैल, त्याची नळी कडक, एकाचा पत्रा वाजतो.

शेवटी रत्नागिरीचे दाऊदभाई होते, काकांचे जुने बनेद अल-गारचे दोस्त, एका घरगुती सामानाच्या दुकानात सेल्समन, त्यांच्याकडे आम्ही चौघं गेलो. काकांनी हीटर पेटवायला लावला, खिशातून उदबत्ती काढली आणि तिथेच पेटवून हीटरच्या मागच्या नळीभोवती फिरवायला लागले!

दाऊदभाई काउंटरवरून उडीच मारून आले. "अरे ए पेडणेकर! दुकान उडवतोस काय माझं? गॅस आहे तो!"

"लीक बघतंय."

"उदबत्तीनं? वेडा आहेस? साबणाचा फेस लाव ना, बुडबुडा आला की कळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, ह्याने बायको पसंत करताना पण असाच फिरवला असेल धूर."

"फिरवल्यानी असतो तर बरा झाला असता," काकू म्हणाल्या, "मीच नाक दाबून पळान गेले असते."

साबण लावला. एक बुडबुडा नाही. काका पाच मिनिटं ओल्या ओठाने त्या नळीपाशी वाकून बसले आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा असा झालेला, की जणू मुलगी दिली. दाऊदभाईंनी हीटर खोक्यात भरताना वरचं स्टिकर दाखवलं. त्यावर अर्धवट उघड्या खिडकीचं चित्र होतं.

"हे बघ. खिडकी थोडी उघडी ठेवायची. विसरू नको."

"ता ज्यांचे सांधे गळतत तेंच्यासाठी," काका म्हणाले.

बघा, एवढंच. एवढ्यात सगळं आलं. काकांच्या डोक्यात धोका म्हणजे गॅस बाहेर गळणं. गळत नाही ना? मग कसला धोका? आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं, कुठून हवा जाते ते शोधायचं आणि बुजवायचं. हीटर स्वतः हवा खातो, हे दाऊदभाईंनीही सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. त्याच दिवसांत लढाईची चर्चा सुरू झाली. इराकवर हल्ला होणार, मग सद्दाम कुवेतवर विषारी गॅस सोडणार. रस्त्यात तेच, बकाल्यात तेच, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हो, तिथल्या मल्याळी शेठने दारातच टेपचे रोल आणि प्लास्टिकचे तागे मांडले. एक खोली पूर्ण बंद करून ठेवा, फटी बुजवा, भोंगा झाला की आत बसा. भोंग्यांच्या चाचण्या सुरू झाल्या. पहिला भोंगा वाजला तेव्हा माझ्या हातातलं ताट पडलं. शेजारची बायका-मुलं एकेक करून इंडियाला जायला लागली.

काकांनी काकूंचं तिकीट काढायचं म्हटलं. ती रात्रीच्या जेवणाआधीची वेळ, मी पोळ्या लाटत होते, काकू भाजत होत्या.

"मी खय जावचंय नाय," काकू म्हणाल्या.

"महिनाभर जा. माका कंपनी सोडणा नाय, पण तू जा."

"मागच्या टायमाक मी तिकडेच होतंय. रेडिओ ऐकत. आता नाय."

"आणि हय गॅस पडलो तर?"

काकूंनी पोळी उलटली. "तर दोघांवर पडात."

काका बाल्कनीत गेले, आणि मला टेप फाडल्याचा आवाज आला. टर्र. टर्र. डक्टला लावतात ती चांदीच्या रंगाची ॲल्युमिनियमची टेप. बायको जात नाही ना, मग ही बाल्कनी अशी करतो की वाळूचा कण आत येणार नाही, असं त्यांचं ठरलं होतं. घरातली हीच एक खोली त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेली, तिच्यावरच त्यांचा विश्वास. खिडक्या सरकतात त्या खाचा, काचांच्या कडा, हॉलच्या दाराची चौकट, विजेच्या वायरीचं भोक. एकावर एक तीन थर. मी आत गेले तर कान दुखल्यासारखं वाटलं, इतकं शांत. वाऱ्याचा आवाज बंद!

"एक कण हवा येणा नाय," काका म्हणाले. खुशीत होते.

हीटर आला होता पण सिलेंडर आणायचा होता. आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, अबू सामी. मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, छातीएवढ्या मिशा. खोलीत सिलेंडर मम्नू, म्हणजे बंदी. सापडला तर मालकाला सांगणार आणि मालक फ्लॅट खाली करायला लावणार, अगदी साधा हिशेब. म्हणून काकांनी शुक्रवारी दुपारी, अबू सामी नमाजाला गेला तेव्हा सिलेंडर चादरीत गुंडाळून वर आणायचा बेत केला. अमित एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, पुढे मी, कुणी दिसलं की खोकायचं. लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर एक बाई दार उघडून उभी, चादरीतल्या त्या गोल गठ्ठ्याकडे बघून विचारते, "क्या हुआ? कौन है?" तिला वाटलं माणूस आहे! अमितच्या तोंडून निघून गेलं, "गणपती है, आंटी." गणपती, फेब्रुवारीत! तिने नमस्कार केला. मी जिन्यात हसून हसून बसले, आणि त्याच वेळेला खाली अबू सामीच्या चपलांचा आवाज. तो पहिल्याच मजल्यावर थांबला म्हणून वाचलो.

हीटर पेटला. आहाहा! बाल्कनीत उन्हाळा आला. काकू खोकायच्या थांबल्या, आत बसून भाजी निवडायला लागल्या. सरस मधासारखा पातळ राहिला.

आणि थोड्या वेळाने हीटर विझला.

काकांनी परत पेटवला. परत विझला. बटण दाबून धरलं की पेटायचा, सोडलं की राहायचा, आणि मग आपोआप मरायचा. दार उघडून आम्ही चहा प्यायला बाहेर आलो, परत आत गेलो की मात्र छान पेटायचा. काही वेळ. मग विझला.

"ह्यो हीटर नाय, जावई असा," काकू म्हणाल्या. "सारखो रुसता."

"वारो लागता तेका," काका म्हणाले. "खयसून तरी वारो येता. ज्योत हलता म्हणान विझता."

मग काय! लीक शोधायला लागले. उदबत्ती घेऊन सगळ्या बाल्कनीत फिरले. धूर जिथे जरासा हलला तिथे टेप. जितकी टेप लावावी तितका हीटर लवकर विझायचा, आणि जितका लवकर विझावा तितकी काका टेप लावायचे. आज मला वाटतं, त्या यंत्राला कळत होतं. आतली हवा संपली की ते स्वतःहून बंद होत होतं, सांगत होतं आम्हाला, आणि आम्ही त्याला जावई म्हणत होतो.

शेवटी काकांनी ते बटण आत दाबलं आणि त्याच्यावर तार आवळली. पक्कडने पीळ दिला. आता विझ, म्हणाले.

पुढचा शुक्रवार. अमित केस कापायला गेलेला. दुपारचं जेवण झालं होतं, बाहेर ऊन होतं पण वारा कापत होता. काका-काकू बाल्कनीत दार लावून बसले होते. चर्चचा माणूस संध्याकाळी पेटी न्यायला येणार होता, भात्याला शेवटचा पट्टा लावायचा होता. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. आतून मधूनमधून 'सा' ऐकू येत होता.

काकू संध्याकाळच्या डब्यांचा भात बघायला म्हणून बाहेर आल्या. कपाळ चोळत होत्या. "काय दुखता गो डोक्या आज! मळमळता पण." ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, खिडकीतनं वारा येत होता. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हय इल्यार बरा वाटता."

तेवढ्यात बाल्कनीचं दार धाडकन उघडलं. काका चौकट धरून उभे होते. तोंड लालबुंद, डोळे भलतीकडेच.

"गॅस इलो!" ते ओरडले. "सुनंदा, गॅस इलो! भितर ये! पोरी, तू पण ये! दार लाव!"

मी जागची हललेच नाही. महिनाभर तेच तर ऐकत होतो ना आम्ही! डोकं दुखेल, ओकारी येईल, हातपाय लुळे पडतील. आणि काकूंचं डोकं दुखत होतं. काकांचे हात लटपटत होते. मला माझंही डोकं दुखायला लागल्यासारखं वाटलं! मी आत जाणार होते. खरंच सांगते, एक पाऊल टाकलंसुद्धा.

काका खाली कोसळायला लागले म्हणून काकू धावल्या. त्यांनी काकूंचा हात पकडला, आत ओढलं आणि पाठीने दार ढकलून दाराला टेकून बसले. दार आत उघडणारं. मी ढकलतेय, हलत नाही. वरच्या अर्ध्या भागाला काच होती, तिच्यातून मला सगळं दिसत होतं.

"सोडा माका! भायर काय झाला नाय!" काकू ओरडत होत्या.

"गॅस... उघडू नको... मरशी गो..."

काकू खिडकीकडे गेल्या. खाली बघितलं. मग वळून, इतक्या जोरात ओरडल्या की मला काचेतूनही शब्द न् शब्द कळला. "रस्त्यार पोरां क्रिकेट खेळतत! तेंका गॅस लागणा नाय आणि तुमका लागता? हय भितरच काय तरी असा!"

त्या हीटरकडे गेल्या. तार ओढायला लागल्या. पीळ इतका आवळलेला की सुटेना, पत्रा तापलेला, बोटं भाजली, फुंकर मारली, परत धरली. सुटेना. मी बाहेरून किंचाळतेय, "काकू, खिडकी! खिडकी!" त्यांनी खिडकी सरकवायला जोर लावला. ती कशाला सरकतेय! काकांनी लावलेली टेप होती ती. काकूंचे गुडघे वाकले. मला वाटलं संपलं, आता ह्या पण बसणार. पण त्या टेबलाला धरून उठल्या, पेटीच्या बाजूला पडलेली काकांची हातोडी उचलली आणि काचेवर हाणली. पहिल्यांदा तडा. दुसऱ्यांदा नुसता आवाज. तिसऱ्यांदा काच गेली.

"मेलंव!" काका म्हणाले. लहान मुलासारखे. "आता आमी मेलंव."

काकूंनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना खेचलं. कसं खेचलं देव जाणे, त्या माझ्या खांद्याला लागायच्या. काचेच्या दातांवर स्वतःची शाल टाकली आणि काकांचं डोकं मानेपर्यंत बाहेर ढकलून धरून ठेवलं. "घेवा! श्वास घेवा! घेवा म्हणतंय ना!"

खालून एक पोरगा केविलवाणा ओरडला, "अंकल! हमने नहीं मारा! बॉल हमारे पास है!"

दार सुटलं होतं. मी आत शिरले आणि काकूंना धरलं. आणि माझ्यामागून, बाहेरचं दार स्वतःच्या किल्लीने उघडून, अबू सामी शिरला, कुणाची काच फुटली म्हणून भांडायला आलेला. त्याने एकदा काकांकडे बघितलं, एकदा हीटरकडे. मागच्या बाजूने हात घालून सिलेंडरचा कॉक फिरवला. ते तीन लाल चौकोन काळे पडले. मग काकांना खांद्यावर टाकून तो जिना उतरला, सगळ्या मजल्यांवर ओरडत, "मम्नू! मम्नू!" मालकाला त्याने काय सांगितलं माहीत नाही. फ्लॅट खाली करायला कुणी आलं नाही. सिलेंडर मात्र तो घेऊन गेला तो गेलाच.

सरकारी दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, हवा संपत आली तरी हीटर जळत राहिला, त्याचाच विषारी वायू झाला. आणि हे ऐका! काकांना तोंडावर मास्क लावलेलं कुणीतरी बघितलं, आणि आम्ही घरी यायच्या आत अब्बासियात बातमी, गॅस पडला! दोन माणसं नेली! बकाल्यातल्या शेठचा टेपचा शेवटचा रोल त्या संध्याकाळी संपला. दाऊदभाई टॅक्सी करून धावत आले, सगळं ऐकलं, काकांच्या पलंगाच्या कडेला बसले आणि एवढंच म्हणाले, "मी तुला चित्र दाखवलं होतं रे." काकांनी मान भिंतीकडे वळवली.

भाता मात्र पक्का बसला होता. चर्चचा माणूस पेटी घेऊन गेला, खूष होता.

काका घरी आले, कामावर जायला लागले, सगळं पूर्वीसारखं. फक्त बोलणं कमी. आणि दारं उघडी. त्यांना बंद दार सहन होईना. जेवताना हॉलचं दार उघडं, झोपताना खोलीचं. काकू गोधड्यांवर गोधड्या घालून झोपायच्या पण एक शब्द बोलायच्या नाहीत. काच काही परत बसवली नाही. काकूंच्या तिकिटाचा विषयही काकांनी परत काढला नाही.

मार्चमध्ये लढाई सुरू झाली आणि भोंगे खरे वाजायला लागले. अमितने माझं तिकीट काढलं होतं, दुसऱ्या दिवशीचं. बॅग भरून हॉलमध्ये ठेवली होती. दुपारी भोंगा झाला. अमितने आमची खोली बंद करून ठेवलेली, ओले टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, टेप. काकू माझा हात धरून आत येऊन बसल्या. त्यांचा हात थंडगार होता, भाजलेल्या बोटांवर अजून पांढरे डाग होते. कुठेतरी लांब धप्प असा आवाज झाला आणि काचा थरथरल्या. काकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या.

"काका कुठेत?" अमितने विचारलं.

काका जिन्यात होते. फ्लॅटच्या बाहेर, उघड्यावर, पायरीवर. अमित फ्लॅटच्या दारापर्यंत गेला. "काका, आत या हो! प्लीज!"

"तुमी लावून घेवा," काका म्हणाले. "माका हय बरा."

"अहो पण—"

"माका भितर जमणा नाय रे. लाव तू दार."

अमित परत आला. काकू त्याच्याकडे बघत होत्या. भोंगा वर चढत होता. मी त्यांचा हात घट्ट धरला, कारण त्या जाणार हे मला कळलं होतं. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठल्या. घाबरल्या होत्या हो. मला म्हणाल्या, "बस गो तू. आमची काळजी करू नको." मी त्यांच्या मागे फ्लॅटच्या दारापर्यंत गेले. त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

दाराच्या भिंगातून मी बघितलं. काकांनी मान वर केली. सरकून जागा केली आणि शर्टाच्या बाहीने पायरी पुसली. काकू भिंतीला धरून खाली बसल्या. टॉवेल उलगडला, अर्धा स्वतःच्या अंगावर ठेवला, अर्धा त्यांच्या खांद्यावर टाकला. परत एकदा धप्प झालं, भिंग हललं, आणि मला दिसलं की दोघं एकमेकांना घट्ट चिकटून बसली आहेत.